कुंड्यांपलीकडचा थोरला भाऊ

बॉस्टनजवळच्या आमच्या वूस्टरमध्ये, आम्हा अल्बेनियन लोकांत, अमेरिकेला नुसतं बोट लावून परत जाणाऱ्या म्हाताऱ्यांचा एक स्वतंत्र वर्ग आहे. मुलं इथे नागरिक होतात आणि आईबापांसाठी ग्रीन कार्डाचा अर्ज करतात. व्हिसा हातात पडला की ठरावीक मुदतीत एकदा अमेरिकेच्या जमिनीवर पाऊल टाकावं लागतं, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. म्हणून ही मंडळी येतात. दोनेक आठवडे राहतात, टोमॅटोला वास नाही असा निकाल देतात, आमच्या चर्चमध्ये मेणबत्ती लावतात, नातवंडांना 'हाडं दिसायला लागली तुमची' म्हणतात आणि कोंबड्यांच्या काळजीनं अल्बेनियाला परत जातात. कायमच्या वास्तव्याची सुरुवात निघून जाण्यानं करणारी दुसरी जमात माझ्या पाहण्यात नाही.

माझे सासरे पांदेली हे २०१२च्या सप्टेंबरात असंच बोट लावायला आले. लेस्कोविकच्या वर, ग्रीसच्या सरहद्दीला टेकलेलं त्यांचं गाव. तिथे त्यांचा द्राक्षाचा मळा, एक खेचर आणि सासूबाईंची कबर. यातलं काहीच इथे आणता येण्यासारखं नसल्यामुळे त्यांनी येण्याआधीच फोनवर सांगून टाकलं होतं, "शिक्का मारून घेतो, पोरी, तुझ्या समाधानासाठी. वर्षभरात परत आलो नाही तर तो परवाना आपोआप मरतो ना? मरू दे."

ती पोरगी म्हणजे माझी बायको, एर्मिरा. हा परवाना मिळवायला तिला तीन वर्षं लागली होती. तिनं फोन ठेवला आणि भांडी घासायला घेतली. घासलेलीच भांडी होती.

बॉस्टनच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं पासपोर्टातल्या व्हिसावर शिक्का मारला, त्यांच्याकडे पाहून हसला आणि काहीतरी बोलला. गाडीत बसल्यावर बाबांनी मला विचारलं, "मास्तर, तो काय म्हणाला?"

मी इथल्या शाळेत इतिहास शिकवतो, त्यामुळे ते मला मास्तर म्हणतात. चिडले की जावईबापू.

"अभिनंदन म्हणाला असेल."

"कशाबद्दल?"

"राहायला आलात म्हणून."

बाबांनी मागे वळून विमानतळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "गणवेशातला माणूस हसला ना, की घरात काय काय लपवलंय ते मी मनातल्या मनात मोजून घेतो. आज मोजायला काही सापडलंच नाही."

आम्ही त्यांच्यासाठी बेत आखले होते. समुद्र, न्यूयॉर्क, बॉस्टनचं मत्स्यालय. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कॉफीचा कप उपडा घातला आणि सांगितलं, "मासे मी पाहिलेत. मला थोमाला भेटायचंय."

थोमा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. १९७० साली तो ग्रीसमध्ये पळाला. आमच्या तेव्हाच्या कम्युनिस्ट सरकारच्या लेखी देश सोडून जाणं हा देशद्रोह होता, आणि कुणी तो करू नये म्हणून सरहद्दीवर काटेरी तारा होत्या. तारेच्या अलीकडे नांगरून, वखरून भुसभुशीत केलेल्या मातीचा एक लांबच लांब पट्टा होता. त्याला मऊ पट्टा म्हणत. त्यावर काही पेरत नसत. कुणाचंही पाऊल उमटावं एवढंच त्याचं पीक. रोज सकाळी त्यावर दंताळं फिरवायचं, म्हणजे रात्रीत कोण गेलं ते उजाडल्यावर दिसे. आमच्या सासऱ्यांच्या गावच्या वाट्याला आलेल्या पट्ट्यावर दंताळं फिरवायचं काम सहकारी शेतीनं पांदेलींना दिलेलं होतं. दोन बाजूंना दोन बंदुका, मध्ये बाबा. आणि तोच पट्टा ओलांडून एका रात्री थोमा गेला. त्याच्याबरोबर शेजारचा ल्यांबी होता, तो तारेपलीकडे गोळी लागून पडला.

पुढे थोमा जहाजानं कॅनडात पोचला आणि माँट्रियलच्या धक्क्यावर उतरताना त्यानं ल्यांबीच्या नावानं शब्द दिला, की यापुढे एकही सरहद्द ओलांडणार नाही. आमच्यात दिलेला शब्द म्हणजे काय ते मी इथे समजावत बसत नाही. थोमाच्या स्वतःच्या मुलीचं लग्न अमेरिकेतल्या बफेलोला झालं, माँट्रियलहून एका दिवसाचा रस्ता. नवरीचा बाप गेला नाही. तो फोनवर रडला आणि दुकान उघडायला निघून गेला.

तेव्हा थोमा इकडे येणं शक्य नव्हतं. बाबांनीच जायचं तर तिथे उभा होता फोताक.

फोताकचं पिझ्झ्याचं दुकान आहे, आणि आमच्या लोकांचं परदेशगमनाचं सगळं कायदेशास्त्र त्याच्या भट्टीसमोर शिजतं. त्यानं हातातल्या पिठाचा गोळा खाली आपटून सांगितलं, "कार्ड पोस्टानं घरी येईस्तोवर देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही. टाकलं की संपलं! माझ्या साडूच्या चुलत्याचं असंच झालं."

"काय झालं?"

"तेच. परत घेतलंच नाही. म्हातारा टोरांटोच्या विमानतळावर बसून राहिला."

"किती दिवस?"

"अजून बसलेलाच असेल," फोताक म्हणाला आणि गोळा लाटायला लागला.

कार्ड यायला दीड-दोन महिने लागणार होते आणि बाबांचं परतीचं तिकीट तेरा दिवसांवर होतं. आता हे लिहिताना थोडा संकोच वाटतो, पण बाबांच्या व्हिसावर स्वच्छ छापलेलं होतं, की शिक्का मारल्यावर हाच कागद वर्षभर कार्डासारखा चालेल. मी ते वाचलं होतं. एर्मिरानं वाचलं होतं. फोताकनं तर चष्मा लावून मोठ्यानं वाचलं होतं. पण छापलेलं खरं असतं यावर आमच्या पिढीनं कधी विश्वास ठेवलेला नाही. आमच्या लहानपणी छापील मजकुरात देश दरवर्षी अधिकाधिक सुखी होत होता, आणि साखर शेजारणीनं कानात सांगितल्याशिवाय मिळत नव्हती. छापलेलं वाचायचं, मान डोलवायची, आणि मग खरं काय आहे ते फोताककडे जाऊन विचारायचं, अशी आम्हाला सवय.

"जायचं नाही," एर्मिरा बापाला म्हणाली. "तुम्हाला परत घेतलं नाही तर मी काय करू?"

"मी तसाही परत जाणारच आहे की."

"ते वेगळं, बाबा. तुम्ही जाणं वेगळं आणि त्यांनी हाकलणं वेगळं."

बाबांनी फोन फिरवला. थोमाचा आवाज खोलीभर ऐकू येई, कारण तो कॅनडातून बोलतोय म्हणजे ओरडायलाच हवं असं त्याला अजून वाटत होतं. पुढच्या महिन्यात त्याची छाती उघडून झडप बदलणार होते. डॉक्टर म्हणाला, वयाच्या मानानं बघू. "बघू म्हणाला तो, पांदे. बघू! मी दुकानात उधारीवाल्यांना बघू म्हणतो तसं!"

त्या रात्री एर्मिरानं नकाशे धुंडाळून तोड काढली. वरती व्हरमाँटच्या टोकाला एक गाव आहे, अर्धं अमेरिकेत आणि अर्धं कॅनडात. तिथल्या एका गल्लीत सरहद्द म्हणजे रस्त्यावर ओळीनं मांडलेल्या फुलांच्या कुंड्या. थोमानं पलीकडून यावं, आपण अलीकडे थांबावं. कुणीच काही ओलांडायचं नाही. पाहिलं की झालं.

तिचा आणि माझा पासपोर्ट तिनं कपाटात ठेवून कुलूप घातलं. "म्हणजे मोह नको," ती म्हणाली. बाबांचा पासपोर्ट मात्र त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात होता. तो त्यांच्याकडून काढून घेणं म्हणजे मूत्रपिंड काढून घेण्यासारखं.

शनिवारी पहाटे निघालो. न्यू हॅम्पशायर ओलांडताना बाबांनी विचारलं, "बंद इलाखा कुठून लागतो?" आमच्याकडे सरहद्दीच्या कितीतरी आधीपासून परवान्याशिवाय चालता येत नसे. मी म्हटलं, "इथे तसलं काही नाही, बाबा." त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. शिकलेल्या माणसाला फसवणं सोपं असतं असा त्यांचा चेहरा होता.

"नाही कसा, मास्तर? तुम्हाला दिसत नाही म्हणजे तो चांगला बांधलाय."

गाव दोनेक मैलांवर आलं तेव्हा रस्ता जंगलाच्या कडेनं जात होता आणि डाव्या हाताला झाडं एकदम दुभंगली. टेकडीवरून सरळ रेघेत खाली, दरीत, आणि पलीकडच्या टेकडीवर चढून आभाळात जाणारा एक मोकळा पट्टा. दोन्ही बाजूंना लालपिवळं पेटलेलं रान आणि मध्ये बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या मावतील एवढी रिकामी जागा. बाबा म्हणाले, "थांबवा." असं म्हणाले की मी ब्रेक मारूनच विचार केला, का थांबवलं.

ते उतरले. आम्ही दोघं मागे. पट्ट्यात एक गुडघाभर उंचीचा दगडी खांब होता, त्याच्या एका अंगाला एका देशाचं नाव, दुसऱ्या अंगाला दुसऱ्याचं. बाकी काही नाही. तार नाही, मनोरा नाही, कुत्रा नाही.

"तार कुठाय?"

"नाही."

"पुरलीय?"

"नाहीये, बाबा. इथपासून थेट समुद्रापर्यंत असंच आहे म्हणतात. झाडं तेवढी तोडतात, रेघ दिसावी म्हणून."

बाबा खांबाच्या अलीकडे, पुरेसं अंतर राखून, उकिडवे बसले. जमिनीवर गवत होतं, रानबेरींच्या वेली होत्या, आणि एका ओलसर जागी चिखलात प्रचंड मोठे दुभंगलेले खूर उमटले होते. उत्तरेकडून आलेले, दक्षिणेकडे गेलेले. त्यांच्या शेजारी पुन्हा उत्तरेकडे परतलेले. इथल्या रानात घोड्याहून उंच, डोक्यावर खाटेएवढी शिंगं असलेलं एक हरणाच्या जातीचं जनावर असतं, ते रोज पाण्यावर येत-जात असणार.

बाबांनी बोटांनी एका खुराची खोली मापली. "कालचा आहे," ते हळूच म्हणाले. "आणि हा परवाचा. आणि हा त्याच्याही आधीचा." मग वर पाहून विचारलं, "दंताळं कोण फिरवतं?"

"कुणीच नाही."

"मग कळतं कसं?"

"काय कळायचंय?"

बाबांनी बोटांवरचा चिखल गवताला पुसला. ते उठले आणि दोन्ही हात मागे बांधून पट्ट्याकडे बघत राहिले. चर्चमध्ये घुमटाखाली पहिल्यांदा उभं राहिलेलं पोर बघतं, तसे. मीही बघितलं. या देशात येऊन मला सोळा वर्षं झाली होती. सरहद्द म्हणजे एक मोकळं गवत असतं, त्यात दुपारी ऊन पडतं आणि कुणी पहारा करत नाही म्हणून ते कुठे पळून जात नाही, हे मी तोवर पाहिलेलं नव्हतं. एर्मिरानं माझा दंड धरला. दूर कुठेतरी एक सुतारपक्षी कुठल्या देशाचं झाड ठोकत होता कोण जाणे.

"चला," बाबा म्हणाले. "भाऊ वाट बघत असेल."

भाऊ वाट बघतच होता. गल्लीच्या मधोमध पाच कुंड्या, त्यांत केशरी झेंडू. पलीकडे घडीच्या दोन खुर्च्या, एक घडीचं टेबल, त्यावर गॅसची छोटी शेगडी, तांब्याचं कॉफीचं भांडं, आणि या सगळ्यामागे काळा सूट घातलेला, बाबांपेक्षा वीतभर बुटका असा एक म्हातारा. बेचाळीस वर्षांनी भाऊ भेटायचा म्हणून त्यानं संसारच मांडला होता.

दोघं कुंड्यांपाशी आले. मध्ये एक हात अंतर. एर्मिरानं तोंडावर रुमाल धरला. मी कॅमेरा काढला.

बाबांनी हात पुढे केला. थोमानं आपला हात पाठीमागे नेला.

"उंबऱ्यावरून?" तो म्हणाला. "आईनं हेच शिकवलं तुला?"

बाबांचा हात जागच्या जागी थिजला. मग त्यांनीही तो मागे घेतला. "चुकलो, दादा."

आमच्याकडे उंबऱ्याच्या आत एक आणि बाहेर एक असं उभं राहून हात मिळवत नाहीत, काही देत-घेत नाहीत. त्यानं ताटातूट होते म्हणतात. बेचाळीस वर्षं ताटातूट भोगलेल्या दोघांना हा नियम मोडायची भीती वाटत होती, हे बघून हसावं की काय करावं मला कळेना. मी कॅमेरा खाली केला.

"मग ये की आत," थोमा म्हणाला. "कॉफी ठेवलीय."

"तू ये. मी मुलीकडे आलोय. मुलीचं घर ते माझं घर. पाहुणा तू."

"मी थोरला आहे."

"म्हणून काय झालं? मी इथला कायमचा रहिवासी आहे! शिक्का आहे माझ्याकडे!"

"कधीपासून रे?"

"मंगळवारपासून."

थोमा इतका हसला की त्याला खुर्ची धरावी लागली. हसू संपलं तरी धाप संपेना. बाबांचा चेहरा उतरला. झडपेचं ते विसरले होते.

एवढ्यात गस्तीची गाडी आली. अमेरिकेची. आतून एक तरुण अधिकारी उतरला, टोपी सरळ केली आणि नम्रपणे म्हणाला, की गप्पा मारायला हरकत नाही, पण वस्तू इकडून तिकडे द्यायची नाही आणि कुणी रेघ ओलांडायची नाही. मी भाषांतर केलं. बाबांच्या पिशवीत गावाकडची राकी, म्हणजे द्राक्षाची दारू, आणि कोवळ्या अक्रोडांचा मोरांबा होता. त्यांनी पिशवी पायाशी ठेवली आणि म्हणाले, "त्याला सांगा, आम्ही तसंही देणार नव्हतो. उंबरा आहे." अमेरिकेच्या कायद्याचं आणि आमच्या आजीच्या कायद्याचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. अधिकारी गाडीत जाऊन बसला, पण गाडी हलवली नाही.

दोघं भाऊ उभ्या उभ्या बोलू लागले. कोण गेलं, कोण आहे, कोणाच्या मळ्यात आता कोण. थोमाची अल्बेनियन सत्तरच्या सालातली होती, तिच्यात ट्रॅक्टरचे आणि पंचवार्षिक योजनेचे शब्द होते. एर्मिरा मधूनच म्हणे, "काका, बसा ना," आणि तो म्हणे, "माझा भाऊ उभा आहे तोवर नाही."

मग थोमानं ते विचारलं. मला वाटतं तो त्यासाठीच आला होता.

"पांदे. त्या सकाळी पट्ट्यावर तूच होतास?"

"मीच होतो."

"माझी पावलं दिसली तुला?"

"लांबूनच. उजवा पाय आत टाकून चालतोस तू. अजूनही तसाच चालतोस, आत्ता टेबलापासून इथवर आलास तेव्हा बघितलं."

"मग?"

बाबांनी टोपी काढून हातात घेतली. "सांगितलं मी पहारेकऱ्याला. सांगायलाच हवं होतं, दोन बंदुका होत्या. पण आधी माझं काम पुरं केलं. खालच्या टोकापासून सुरू केलं होतं, ते वरच्या टोकापर्यंत नेलं. तुझी पावलं मध्यावर होती. ती तशीच ठेवली, नाहीतर मलाच नेलं असतं. पण त्यांच्याकडे पाठ करून वरची सगळी माती विंचरली. इतकी छान कधी विंचरली नव्हती. पहारेकरी म्हणाला, आज काय लग्न आहे की काय पट्ट्याचं? मग वळलो आणि ओरडलो."

"किती वेळ लागला?"

"घड्याळ नव्हतं. पण ऊन चर्चच्या कौलांवरून खाली अंगणात उतरलं होतं."

 थोमा म्हणाला, "मी तेव्हा तारेपलीकडच्या ओढ्यात होतो, ग्रीस अजून पुढे होता. कुत्री उशिरा आली. मला वाटलं, देव."

"देव नव्हता. मी होतो."

त्यानंतर शिक्षा म्हणून त्यांच्या घरादाराला दलदलीतल्या एका गावात हलवण्यात आलं, तिथेच एर्मिरा जन्मली, हे बाबांनी सांगितलं नाही. थोमानं विचारलं नाही. त्याला माहीत होतं.

"आत ये रे," थोमा म्हणाला. आवाज आता ओरडायचा नव्हता. "मी नाही येऊ शकत. माझा शब्द ल्यांबीकडे आहे, आणि तो काही मला सोडवायला येणार नाही. तू ये."

बाबांनी एर्मिराकडे पाहिलं. एर्मिरानं मान हलवली. "बाबा, नको. फोताक म्हणाला—"

"फोताक कोण? पिझ्झेवाला ना?"

"परत घेतलं नाही तर?"

"तर मी थोमाच्या घरी राहीन, त्याची छाती शिवून होईस्तोवर. मग तो मला विमानात बसवेल."

"आणि मी?" एर्मिरा म्हणाली. तिनं एवढंच म्हटलं. तीन वर्षांचे अर्ज, बापाला एकटं पडू देणार नाही असं आईच्या कबरीवर दिलेलं वचन, आणि वर्षातून एकदा तरी बाप जेवायला समोर बसावा ही साधी इच्छा, हे सगळं त्या दोन शब्दांत होतं, आणि बाबांना ते ऐकू आलं. ते मुलीपाशी गेले. तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"पोरी, मी आयुष्यभर सरहद्दीच्या मातीत उभा राहिलो. तिथून जायचं तर रात्री, अनवाणी, कुणाला न सांगता, एवढंच मला माहीत आहे. आज मला एकदा दिवसाढवळ्या जाऊन विचारू दे. नाही म्हणाले तर नाही."

"कुणाला विचारणार? तुम्हाला भाषा येत नाही!"

"पासपोर्टाला येते ना?"

शेजारच्या मुख्य रस्त्यावर कॅनडाची चौकी होती, गल्लीच्या तोंडावरून दिसत होती. अमेरिकेच्या कायमच्या रहिवाशाला तिथे वेगळा व्हिसा लागत नाही, असंही कुठेतरी छापलेलं होतं. आमचे पासपोर्ट कपाटात, कुलपात. आम्ही सोबत जाऊ शकत नव्हतो. बाबांनी पिशवी उचलली, कोटाची बटणं लावली, टोपी घातली, मग काढली, आणि निघाले. गस्तीच्या अधिकाऱ्यानं काच खाली करून मला विचारलं, "हे कुठे चालले?" मी म्हटलं, "विचारायला." त्यानं मान डोलवली, जणू त्याच्या दिवसातली ही सर्वांत समजण्याजोगी गोष्ट होती.

म्हातारा अगदी रस्त्याच्या मधून चालत होता, दोन्ही हात शरीरापासून थोडे दूर धरून, म्हणजे हातात काही नाही हे लांबून दिसावं. चौकीच्या खिडकीपाशी थांबला. पासपोर्ट आत गेला. आतली बाई काहीतरी बोलली. बाबांनी कुंड्यांच्या दिशेनं बोट केलं. थोमानं खुर्चीवर चढून हात हलवला. चौऱ्याहत्तर वर्षांचा, झडप गेलेला माणूस, घडीच्या खुर्चीवर. एर्मिरा ओरडली, "काका, उतरा!" बाबांनी पिशवीतून राकीची बाटली काढून खिडकीत ठेवली, मग मोरांब्याची बरणी. बाईनं बरणी हातात घेऊन उजेडात धरली.  फोताकच्या साडूचा चुलता माझ्या डोळ्यांसमोर बसलेला होता.

बाईनं बरणी परत दिली. बाटली परत दिली. पासपोर्ट परत दिला. आणि हातानं खूण केली, जा.

बाबा हलले नाहीत. तिनं पुन्हा खूण केली. ते एक पाऊल पुढे गेले आणि थांबून मागे वळून पाहू लागले. मला कळलं ते काय बघत होते. डांबरावर पाऊल उमटत नाही.

पाचेक मिनिटांनी ते गल्लीच्या पलीकडच्या टोकानं आले. थोमा कुंड्यांकडे पाठ करून उभा होता. दोघं एकमेकांसमोर आले, आणि आता उंबरा मध्ये नव्हता. मी इतिहासाचा शिक्षक आहे, वर्णन करायची सवय आहे, पण मी त्या वेळी झेंडूकडे बघत होतो. मला एवढंच ऐकू आलं, की थोमा म्हणाला, "बारीक झालास रे," आणि बाबा म्हणाले, "तू बुटका झालास." गस्तीच्या गाडीत रेडिओ लागला होता, तो कुणीतरी बंद केला.

मग कॉफी झाली. पाहुणा बसला, यजमान बसला. मोरांबा पाहुण्याच्या हातून यजमानाला रीतसर दिला गेला. आम्ही दोघं अमेरिकेत उभं राहून ते बघत होतो, आणि कॉफीचा वास सरहद्द ओलांडून येत होता. त्याला कुणी अडवलं नाही.

ऊन कलल्यावर परीक्षेची दुसरी बाजू उरली होती. बाबा अमेरिकेच्या चौकीकडे निघाले. एर्मिरा चौकीबाहेर, नियमानं जेवढं जवळ उभं राहता येतं तेवढं जवळ. मी तिचा हात धरला होता, किंवा तिनं माझा, कारण नंतर माझ्याच बोटांवर वळ होते. आत जाऊन बाबा दोन मिनिटांत बाहेर आले. पासपोर्ट हातात उघडाच होता.

"काय म्हणाले?" एर्मिरा.

"तोच. तोच शब्द, विमानतळावरचा. आणि हसला." बाबा पायरीवर बसले.  "बघितलं, शिक्क्यावर बोट ठेवलं आणि सोडलं. एवढंच असतं, मास्तर? विचारायचं आणि जायचं?"

"इथे एवढंच असतं."

"ल्यांबी एकवीस वर्षांचा होता," ते म्हणाले.

 मग त्यांनी डोळे पुसले, उठले आणि कोट झटकला.

"मार्चमध्ये वेलींची छाटणी झाली की येतो," ते एर्मिराला म्हणाले, बाजारातून येताना मीठ आणतो म्हणावं तसं. "ते कार्ड आलं की नीट ठेव. खेचर कुणाला तरी सांभाळायला देईन." मग त्यांनी पुन्हा टोपी काढली.

"आता कुठे?"

"थोमाला सांगून येतो, की परत घेतलं म्हणून."

"बाबा, फोन करा ना!"

पण ते निघालेसुद्धा होते. या वेळी हात शरीराजवळ होते. खिडकीतल्या बाईनं त्यांना ओळखलं, पासपोर्टाकडे नीट पाहिलं, भुवया उंचावल्या आणि काहीतरी विचारलं. त्यांनी पुन्हा कुंड्यांकडे बोट केलं. मी पलीकडे पाहिलं. थोमानं टेबल आवरायला घेतलं होतं. भाऊ येताना दिसला तसं त्यानं घडी केलेली खुर्ची पुन्हा उघडली, तिच्यावरची धूळ बाहीनं पुसली आणि शेगडी पेटवून नवी कॉफी चढवली.